पिशवी लावून पोहणं: उत्तर, स्मिताताईंना

स्मिताताई, इलिओस्टोमीनंतर (लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून मल बाहेरच्या चिकट पिशवीत घेण्याची शस्त्रक्रिया) पोहता येईल का आणि पिशवी पाण्यात सुटेल का, असं तुम्ही विचारलंत. येतं हो! सर्जनने जखम भरल्याचं सांगून परवानगी दिली की बिनधास्त उतरा. पिशवी जलरोधकच असते.

मी ठाण्यात पुन्हा पोहायला लागले त्याआधी घरी बाथरूममध्ये पिशवी लावून बादलीभर पाणी पोटावर ओतून बघितलं, मग अर्धा तास ओल्या कपड्यांत बसले. कड जराही उचलली नाही, तेव्हा धीर आला.

एक चूक मात्र टाळा: निघताना घाईत नवी पिशवी लावू नका. चिकटायला निदान तासभर तरी द्या. लावल्यावर तळहात दोन-तीन मिनिटं वर दाबून धरा, उबेने ती त्वचेवर छान बसते. पिशवीला वायूचा फिल्टर असेल तर डब्यातला छोटा स्टिकर त्यावर लावा, ओला झाला की फिल्टर काम करत नाही. बाहेर आल्यावर स्टिकर काढायचा. उतरण्याआधी पिशवी रिकामी करा, त्याआधी भरपेट खाऊ नका.

कपड्यांचं म्हणाल तर गडद, नक्षीचा, उंच कमरेचा पोहण्याचा पोशाख घ्या. माझ्या शेजारच्या लेनमधल्या काकूंना महिनाभर काही कळलंसुद्धा नाही.