मदत हवी आहे: फिशटँकमधल्या अनुबियास या पाणवनस्पतीच्या पानांवरचं काळं दाढी शेवाळ परत परत येतंय

टाकी २ फुटी, निव्वळ पाणी ५५ लिटर, बोअरचं, केएच (पाण्याचा कार्बोनेट कडकपणा) १२. दिवे सकाळी १० ते संध्याकाळी ६, झाडांसाठी सिलिंडरचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) दिव्यांसोबतच चालू-बंद. नायट्रेट २० पीपीएम. दर रविवारी ४०% पाणी बदल.

अनुबियासच्या पानांच्या कडांना आणि फिल्टरच्या तोंडाशी काळे झुपके आहेत, बोटाने घासून निघत नाहीत. फिल्टर बंद ठेवून ३% हायड्रोजन पेरॉक्साइड १५ मिली सिरिंजने थेट झुपक्यांवर सोडलं, १० मिनिटांनी फिल्टर चालू. दोन दिवसांत झुपके गुलाबी होऊन मेले, पण तीन आठवड्यांत नवे हजर!

संशय सीओटूवर आहे. सीओटू विरघळला की पीएच उतरतो; तो सकाळी ८.०, आणि ७.१ वर यायला दुपारचे २ वाजतात. म्हणजे अर्धा वेळ प्रकाश भरपूर, सीओटू अपुरा.

गॅस दिव्यांच्या २ तास आधी सुरू करावा, की गॅसचे बुडबुडे वाढवावेत? खाली कोळंबी आहे, ती जास्त गॅसने गुदमरेल म्हणून दुसऱ्या उपायाची धास्ती वाटते. दिवे ६ तासांवर आणले तर फरक पडेल का?

ग्लुटारल्डिहाइड (शेवाळ मारायचं रसायन) सुचवू नका, त्याने व्हॅलिस्नेरिया (गवतासारखी पाणवनस्पती) वितळते. सायामीज अल्गी ईटर हा शेवाळ खाणारा मासाही नको; दुकानात त्या नावाने भलताच मासा गळ्यात मारतात, आणि खरा मिळाला तरी या टाकीत मावणार नाही.