दुसऱ्याचे पाप कोणी आपल्या माथी घेऊ शकतो का?

कसबेकर:
गेल्या महिन्यात एका सहकाऱ्याच्या आईच्या अंत्यविधीसाठी मी पहिल्यांदाच चर्चमध्ये गेलो. ‘ख्रिस्ताने आपल्या पापांचे प्रायश्चित्त केले’ हे वाक्य उपदेशात तीन-चार वेळा आले आणि तेव्हापासून ते मनातून जात नाही. वाल्या कोळ्याची गोष्ट ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. ‘तुझ्या पापात आम्ही वाटेकरी नाही’ असे घरच्यांनी सांगितले तेव्हाच त्याचे डोळे उघडले. ‘करावे तसे भरावे’ हे ज्याच्या हाडीमांसी खिळले आहे, त्याने एका निरपराध माणसाने इतरांसाठी मरण सोसणे हा न्याय कसा मानावा? आणि देव क्षमाशील असेल, तर क्षमेसाठी रक्त कशाला हवे? मला वाद घालायचा नाही, समजून घ्यायचे आहे.

गुरुवारपेठ:
मी ख्रिस्ती घरात वाढले आणि कॉलेजात असताना हाच प्रश्न मलाही छळत होता. माझ्या मते पहिली अडचण शब्दातच आहे. पुण्यात आमच्या पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९० साली झालेल्या चहापानाचे प्रकरण आपण ऐकले असेल. तेथे चहा घेतल्याबद्दल रानडे, टिळक आदी मंडळींनी प्रायश्चित्त घ्यावे अशी मागणी सनातन्यांनी केली आणि १८९२ मध्ये रानड्यांनी ते घेतलेही. म्हणजे मराठीत प्रायश्चित्त ज्याचा दोष त्यानेच ‘घ्यायचे’ असते. बायबलच्या मराठी भाषांतरात हाच शब्द आला, पण तेथे क्रियेची दिशा उलटी आहे: दोषी माणूस ते घेत नाही, ते त्याच्यासाठी केले जाते.

बायबलच्या जुन्या करारातील लेवीय ग्रंथाचा सोळावा अध्याय सावकाश वाचा. त्यात प्राचीन इस्राएली लोकांचा एक विधी आहे. वर्षातून एकदा दोन बकरे आणले जात. एकाचा बळी देऊन त्याचे रक्त परमपवित्र स्थानात, म्हणजे उपासनास्थानाच्या अगदी आतल्या गाभाऱ्यात, शिंपडले जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर याजक (पुरोहित) आपले दोन्ही हात ठेवी, लोकांची सगळी पापे उघड बोलून दाखवी आणि मग त्या जिवंत बकऱ्याला रानात सोडून दिले जाई. लहानपणी मला रक्तापेक्षा रानात दिसेनासे होणारे ते जनावरच जास्त आठवत राहिले, कारण पाप केवळ माफ होत नाही तर दूर नेले जाते, हे त्यात डोळ्यांना दिसते. पुढच्याच अध्यायात देव म्हणतो की वेदीवरचे हे रक्त मीच तुम्हाला दिले आहे. रागावलेल्या देवाला माणसाने लाच देऊन शांत करणे असा त्याचा अर्थ होत नाही, कारण देणारा देवच आहे.

मुळाकाठ:
वरील उत्तरात थोडी भर घालतो. नायसियाचा मतांगिकार, म्हणजे चौथ्या शतकात ठरलेले ख्रिस्ती श्रद्धेचे निवेदन, ख्रिस्त ‘आमच्या तारणासाठी’ आला एवढेच सांगतो. त्याच्या मरणाने तारण नेमके कसे घडते, याची एकच उपपत्ती त्यात नाही. आरंभीच्या अनेक धर्माचार्यांनी मार्काच्या शुभवर्तमानातील ‘खंडणी’ हा शब्द धरून मरण आणि सैतान यांच्या तावडीतून सुटका अशी मांडणी केली. इंग्लंडमधील कँटरबरीचा आर्चबिशप आन्सेल्म याने १०९८ च्या सुमारास म्हटले की पापाने देवाचा मान हिरावला जातो. ते ऋण माणसाने फेडायला हवे, पण फेडण्याची ऐपत फक्त देवाची, म्हणून देव मनुष्य झाला. पुढच्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ अबेलारने भर दिला तो त्या मरणात प्रकट झालेल्या आणि माणसाचे मन पालटणाऱ्या प्रेमावर. ‘आमची शिक्षा त्याने भोगली’ ही मांडणी ठळक झाली ती सोळाव्या शतकात, विशेषतः प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनच्या लेखनात. आपला आक्षेप मुख्यतः या शेवटच्या मांडणीवर आहे.

माझे वडील एका मित्राच्या कर्जाला पतसंस्थेत जामीन राहिले होते. मित्र परागंदा झाला आणि वडिलांनी चार वर्षे पगारातून हप्ते भरले. हा अन्याय आहे असे घरात सगळे म्हणत. वडील एवढेच म्हणत की सही मी माझ्या हाताने केली आहे. ख्रिस्ताच्या मरणाचा विचार करताना मला ती सही आठवते.

कसबेकर:
दाखला मनाला भिडला. तरीही पैशाला जामीन राहता येते, फाशीला नाही. शिवाय मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही, असे बायबलमधील यहेज्केल या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायातही आहे, हे सहकाऱ्यानेच मला दाखवले.

गुरुवारपेठ:
आक्षेप रास्त आहे आणि न्यायालयाचे चित्र तेथे अपुरेच पडते. न्यायाधीशाने आरोपीऐवजी वाटेवरच्या तिसऱ्याच माणसाला पकडले असते, तर तो उघड अन्याय झाला असता. पण ख्रिस्ती श्रद्धेनुसार वधस्तंभावर असलेला तिसरा कोणी नाही. ज्याच्याविरुद्ध अपराध झाला तो देव स्वतःच तेथे आहे. क्षमा करणाऱ्याला नेहमीच काही सोसावे लागते. बुडालेले पैसे माफ करणारा तो तोटा आपल्या अंगावर घेतो, त्याशिवाय माफी होतच नाही. आपण विचारलेल्या रक्ताच्या प्रश्नाला माझे उत्तर हेच आहे.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये झाला. ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, हे त्यांना पुढे आठ वर्षांनी, त्यांची शारदा सदन ही विधवा व मुलींसाठीची शाळा पुण्यात आल्यानंतर उमगले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आपल्याला महिनाच झाला आहे. बायबलमधील रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील सहा ते अकरा ही वचने वाचून पाहा आणि कोठे अडते ते येथे लिहा.