तातडीने मदत हवी आहे: मुलीचं शनिवारी भाषण, अभिजात मराठीवर मुद्दे सांगा

भांडुपची_आई:
नमस्कार, लेकीचं शनिवारी स्पर्धेत भाषण आहे, विषय "अभिजात दर्जामुळे मराठीचं भलं होईल". लिहून तयार आहे पण ते खूप मोठं झालंय आणि तिसऱ्या परिच्छेदाला ती रोज अडकते, तिथून पुढे एकदम कोरी होते आणि रडायला लागते. ऑफिसमधून घरी यायला साडेआठ होतात, त्यानंतर किती घोकून घेणार, हातात तीनच रात्री आहेत. काय कापू, काय ठेवू आणि अजून कोणते मुद्दे घालू ते सांगा प्लीज.

शीवकर_काका:
ताई, कितवीत आहे ती? आणि वेळ किती मिनिटं? आधी ते सांगा. पाठ केलेलं भाषण मुलं मिनिटाला साधारण 100 ते 120 शब्द बोलतात, त्याहून जास्त बोलली तर काही कळत नाही. पाच मिनिटं असतील तर 550 शब्दांच्या वर जाऊच नका.

गिरगावची_पोर:
सुरुवात कवितेने करायची, टाळ्या तिथेच पडतात. कुसुमाग्रजांची घ्या, विषयाला चपखल बसेल. मी शाळेत असताना चार वर्षं असंच करायचे आणि दोनदा पहिली आले.

डोंबिवली_फास्ट:
कवितेने सुरुवात आता सगळीच करतात. मी दोन शाळांत परीक्षक म्हणून गेलोय, दहातली सहा मुलं त्याच दोन ओळी म्हणतात आणि आपण यादीत नुसती खूण करत बसतो. त्यापेक्षा पहिल्या वाक्यात तारीख सांगा. 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला, सोबत पाली, प्राकृत, आसामी आणि बंगालीलाही. आधी सहा होत्या, त्या अकरा झाल्या.

गिरगावची_पोर:
तारखांनी भाषण होतं का? बातमी होते.

भांडुपची_आई:
नववीत आहे. वेळ चार मिनिटं, नंतर एक मिनिट. भाषण 900 शब्दांचं झालंय 😭

शीवकर_काका:
"नंतर एक मिनिट" म्हणजे काय? वक्तृत्वात असं काही नसतं, फार तर इशाऱ्याची घंटा आणि मग शेवटची घंटा. नियमांचं पत्रक असेल ना शाळेतून आलेलं?

मुलुंडची_मावशी:
बाई, घशाला जप. ज्येष्ठमधाची काडी चघळायला दे, थंड पाणी आणि आईस्क्रीम शनिवारपर्यंत बंद. माझ्या भाचीचा आवाज ऐन वेळी बसला होता, सगळी मेहनत पाण्यात गेली.

भांडुपची_आई:
मावशी हो, देते. काका, पत्रक बघितलं, त्यात लिहिलंय "खंडनासाठी एक मिनिट. बाजू चिठ्ठीने, अर्धा तास आधी ठरेल". हे मला आधी सांगायला हवं होतं का?

शीवकर_काका:
अहो ताई, ही वादविवाद स्पर्धा आहे! वक्तृत्व नाही. तिला प्रतिकूल बाजू आली तर तुमचे 900 शब्द एकही उपयोगाला येणार नाहीत. तिने कुठली बाजू पाठ केलीय?

भांडुपची_आई:
अनुकूलच. विषयच तसा आहे ना, भलं होईल म्हणून. विरोधात मराठीबद्दल कोण बोलणार?

डोंबिवली_फास्ट:
मराठीच्या विरोधात नाही हो बोलायचं, दर्जाने भलं होईल का एवढंच. प्रतिकूलवाला म्हणेल, दर्जा कागदावर आहे, महापालिकेच्या मराठी शाळांतली पटसंख्या घसरतेय, घराघरात मुलं इंग्रजीत वाचतायत, मग अभ्यास केंद्र आणि पुरस्कारांनी काय होणार. अनुकूलवाला म्हणेल, संशोधन, हस्तलिखितं, विद्यापीठांतली अध्यासनं यांना पैसा मिळेल, आणि जुना ठेवा जपला की भाषा उभी राहते. दोन्हीकडे दम आहे. आणि पाठ करणं आजच थांबवा, तिसऱ्या परिच्छेदाला ती अडकते कारण वाक्यं पाठ आहेत, मुद्दा पाठ नाही. एक शब्द सुटला की सगळा धागा सुटतो.

गिरगावची_पोर:
पाठांतराशिवाय नववीतली मुलगी स्टेजवर उभीच राहू शकत नाही. पहिल्या चार ओळी आणि शेवटच्या चार ओळी तरी पाठ हव्यातच.

डोंबिवली_फास्ट:
तेवढं मान्य. मधलं मात्र बोटांवर. पाच बोटं, पाच मुद्दे, प्रत्येक बोटाला एक शब्द.

ठाण्याचा_वाचक:
मुद्द्यांत नाणेघाट घाला, 2000 वर्षांपूर्वीचा मराठी शिलालेख, सातवाहनांचा. एवढा जुना पुरावा दिला की समोरचा गप्प.

शीवकर_काका:
हे असं बोललात तर खंडनात मार खाल. नाणेघाटाचा लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृतात आहे, मराठीत नाही. "महारठी" हा शब्द त्यात आहे, एवढं म्हणता येईल. मराठी लेख हवा तर अलिबागजवळच्या अक्षीचा घ्या, शके 934 म्हणजे इसवी सन 1012 चा मानतात. किंवा सातवाहन राजा हाल याचा काव्यसंग्रह गाथासप्तशती सांगा, पण तीही माहाराष्ट्री प्राकृतातली, मराठीची पूर्वज म्हणून.

ठाण्याचा_वाचक:
बरोबर, दुरुस्त करतो. शाळेत आम्हाला सरळ मराठी म्हणूनच सांगितलं होतं.

कांदिवली_पश्चिम:
विषय निघालाच आहे तर विचारतो, इंग्रजी माध्यमात मराठी अनिवार्य करून मुलांना खरंच येतं का? माझ्या मुलाला "ण" आणि "न" मधला फरक कळत नाही. शिवाय 27 फेब्रुवारीला राजभाषा दिन साजरा होतो, त्याचा त्याला काही पत्ताच नाही.

शीवकर_काका:
27 फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस (1912). राजभाषा दिन 1 मे ला. हा घोळ पोस्टर छापणारेसुद्धा करतात. ताई, मुलीला हे नक्की सांगा, परीक्षक इथे पकडतात.

भांडुपची_आई:
काका, तिच्या भाषणात अगदी हीच चूक होती 😳 आता प्रतिकूलचं काय करू, दोन रात्री राहिल्या.

डोंबिवली_फास्ट:
आज रात्री एक खेळ करा. तुम्ही अनुकूल बोला, ती विरोधात, फोनवर दोन मिनिटं लावून. मग उलटं. वाक्यं लिहून देऊ नका. तुम्ही कुठे अडखळलात ते तिला शोधू दे, खंडन तिथूनच सुचतं. आणि खंडनात "तुम्ही चुकलात" म्हणू नका, "माझे मित्र म्हणाले की... पण" असं म्हणायचं.

पार्ल्याची_सई:
पुरावे शोधायचे तर दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, भांडुपहून लोकलने सरळ पडेल. पण आता उशीर झालाय, पुढच्या वेळी जा.

(शनिवार, संध्याकाळ)

भांडुपची_आई:
सगळ्यांना धन्यवाद. चिठ्ठी निघाली ती प्रतिकूलचीच. शाळांचा मुद्दा छान बोलली, अर्ध्यात एकदा थांबली, बोट बघून पुढे गेली. नंबर नाही आला, पण रडली नाही. खंडनात एका मुलाने विचारलं की लीळाचरित्र आधीचं की ज्ञानेश्वरी, तेव्हा तिला उत्तर आलं नाही. घरी येताना रेल्वेत तेच विचारत होती, मलाही माहीत नव्हतं. कुणी सांगेल का?

शीवकर_काका:
लीळाचरित्र आधी. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लिहिलेलं गद्य. ज्ञानेश्वरी 1290 ची, ओव्यांमधली. पुढची स्पर्धा कधी आहे तिची?

भांडुपची_आई:
डिसेंबरात. या वेळी पत्रक आधी टाकते इथे.