मदत हवी आहे : ८०,००० रुपयांच्या आत गेमिंग लॅपटॉप, ग्राफिक्स कार्ड कोणते घ्यावे?

नमस्कार. माझा धाकटा भाऊ यंदा सांगलीला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात गेला असून, अभ्यास, थोडे ब्लेंडर (त्रिमितीय चित्रे बनवण्याचे सॉफ्टवेअर) आणि संध्याकाळचे गेम या तिन्हींसाठी त्याला एकच लॅपटॉप घ्यायचा आहे. मर्यादा ८०,००० रुपयांची आहे आणि हप्ते काढून ती ओलांडायची नाही, असे घरात ठरले आहे.

माझी अडचण ग्राफिक्स कार्डापाशी येऊन थांबते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०५० कार्डाला ६ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आहे, तर ४०६० ला ८ जीबी, आणि नव्या गेमचे टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे) पाहता हा फरक मला मोठा वाटतो. मात्र ४०६० हे नाव एकच असले, तरी लॅपटॉपच्या रचनेनुसार त्याला ३५ पासून ११५ वॉटपर्यंत वीज मिळते, आणि दुकानातल्या पाटीवर हा आकडा मला कुठेच दिसला नाही. मग कमी वॉटच्या ४०६० पेक्षा पूर्ण वॉटचे ४०५० बरे, की जास्त व्हीरॅमच पुढची चार वर्षे उपयोगी पडेल?

तापण्याची मला खरी धास्ती आहे. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एप्रिलमध्ये खेळताना कळांच्या वरची पट्टी इतकी तापायची, की बोट टेकवत नसे, आणि दहा मिनिटांत चित्र अडखळू लागे.

रॅम १६ जीबी हवी, शक्यतो ८-८ च्या दोन पट्ट्यांत. पडदा १४४ हर्ट्झचा पुरे.

ज्यांनी यांपैकी एखादे कार्ड वर्षभर वापरले आहे, त्यांनी आपल्या लॅपटॉपचे मॉडेल, वॉटचा आकडा आणि पंख्याचा आवाज वसतिगृहाच्या खोलीत सोसवतो का, हे कृपया कळवावे.