देवाला पहिला वाटा कसा द्यायचा?

प्रश्न: जय ख्रिस्त सगळ्यांना. गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हंगामाच्या सणाला लोक शेतातलं पहिलं पीक आणतात, ज्वारी, भाजी, कोंबडी. आम्ही शहरात पगारावर जगणारे, ईएमआय, मुलांची फी वगैरे भरून उरेल ते दानपेटीत जातं आणि प्रार्थना रात्री डोळे मिटत असताना. हे चालतं का?

उत्तर: बायबलमधल्या मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचा. लोक आंधळी लंगडी जनावरं वेदीवर अर्पण करायला आणत होते तर देव विचारतो, हेच तुझ्या सुभेदाराला देऊन बघ, तो खुश होईल का? मला हे फार लागतं, कारण बॉसच्या मीटिंगला आपण वेळेवर फ्रेश होऊन बसतो ना! आमच्याकडे पगार जमा झाला की आधी देवाचा भाग बाजूला काढतो, मग किराणा, रक्कम छोटी असली तरी.

उत्तर: ताई पटलं, पण ज्यांच्या घरात खरंच खडखडाट आहे त्यांचं काय? बायबलमधल्या सारफथ गावच्या विधवेकडे मूठभर पीठ होतं, तिने एलीया संदेष्ट्याला आधी भाकर दिली, मोठा विश्वास तो, पण तो दाखला देऊन कुणी गरिबाकडून पैसे काढू नयेत. बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 26व्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली देवापुढे ठेवली की लेवी (देवाच्या सेवेला नेमलेले लोक) आणि परक्यांसोबत आनंद करायला सांगितलंय, तेही वाचलं पाहिजे.

उत्तर: प्रार्थनेचं म्हणाल तर नाइट शिफ्टवाल्यांनी पहाटेच्याच वेळेचा हट्ट धरू नये. मी दुपारी उठतो, मोबाइल हातात घ्यायच्या आधी एक स्तोत्र वाचतो.