मदत हवी आहे: ‘पेर्सियाने क्यूझे’ सबटायटल्ससह कुठे मिळेल?

मंडळी, १९५१चा हा इटालियन सिनेमा कोणी पाहिलाय का? दिग्दर्शक लुइजी कोमेंचिनी. सान्द्रा नावाची मुलगी घरातून तुटलेल्या बहिणीचा, लुचियाचा, शोध घेत तोरिनो (ट्युरिन) शहरातल्या वेश्याव्यवसायाच्या आणि गुंडांच्या दुनियेत शिरते. एलेओनोरा रॉस्सी द्रागो, मास्सिमो जिरोत्ती आणि जुलिएत्ता मासिना आहेत. मासिनाचं ‘नाइट्स ऑफ कबिरिया’ (१९५७) आवडत असेल, तर तिला सहा वर्षं आधी इथे बघायची उत्सुकता का आहे ते कळेल!

माझ्याकडची प्रत विनासबटायटल आहे. माझं इटालियन ‘चाओ’च्या पुढे जात नाही, त्यामुळे मारामारी कळते, पण बहिणींचं बोलणं सगळं डोक्यावरून जातं. आणि मेलोड्रामात तेच तर ऐकायचं असतं. इंग्रजी सबटायटल्स असलेली डीव्हीडी किंवा अधिकृत स्ट्रीमिंग ठाऊक असेल तर कृपया सांगा.

दुसरं, नावाचं मराठी काय करावं? शब्दशः ‘बंद झडपा’. तेव्हा इटलीत वेश्यागृहांना सरकारी परवाना असे आणि त्यांच्या खिडक्यांच्या झडपा कायम बंद ठेवाव्या लागत, म्हणून त्यांना ‘बंद घरं’च म्हणत. सिनेटर लीना मेर्लिन यांच्या कायद्याने ती १९५८मध्ये बंद झाली. आमच्या छोट्या गटासाठी टिपण लिहितोय. ‘बंद खिडक्यांआड’ कसं वाटतं? मला जरा रहस्यकथेसारखं वाटतंय.