गाउसचा नियम आखूड दांडीला लावला तर उत्तर का चुकते?

प्रश्न: गाउसचा नियम (बंदिस्त पृष्ठातून बाहेर पडणारा एकूण फ्लक्स, म्हणजे पृष्ठातून आरपार जाणाऱ्या विद्युतक्षेत्राची बेरीज, आतल्या प्रभारावरून ठरतो) कोणत्याही बंदिस्त पृष्ठाला लागू असतो, असे पदवीच्या पहिल्या वर्षी शिकवले जाते. अनंत लांबीच्या प्रभारित तारेभोवती वृत्तचिती कल्पिली की विद्युतक्षेत्र दोन ओळींत निघते. मग सर्वत्र सारखा प्रभार असलेल्या १० सेंटीमीटर लांबीच्या दांडीभोवती तशीच वृत्तचिती घेतल्यास उत्तर चुकीचे का ठरते?

उत्तर १: नियम मोडत नाही, एकूण फ्लक्स आतल्या प्रभारावरूनच ठरतो. अडते ते पुढे, कारण नियम संपूर्ण पृष्ठावरची बेरीज सांगतो आणि आपल्याला एका बिंदूवरचे मूल्य हवे असते. वक्र पृष्ठावर क्षेत्र सर्वत्र सारखे आणि पृष्ठाला लंब आहे, हे आधीच ठाऊक असेल तरच ते इंटिग्रलबाहेर (त्या बेरजेबाहेर) काढता येते. अनंत तार तिच्याच दिशेने सरकवली तरी काहीच बदलत नाही, म्हणून तिथे ही खात्री मिळते. दांडीच्या टोकांजवळ मात्र क्षेत्र तिरपे होते आणि वृत्तचितीच्या सपाट तोंडांतूनही फ्लक्स बाहेर पडतो.

उत्तर २: आकडेच पाहा. कूलोंबच्या नियमावरून (बिंदुप्रभाराचे क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते) थेट इंटिग्रल केले, तर या दांडीच्या मध्यासमोर १ सेंटीमीटर अंतरावरचे क्षेत्र अनंत तारेच्या सूत्रापेक्षा सुमारे २ टक्क्यांनी कमी येते, ५ सेंटीमीटरवर मात्र सुमारे २९ टक्क्यांनी. ५० सेंटीमीटरवर तर दांडीला बिंदुप्रभार मानले तरी चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपासच राहते. परीक्षेत ‘लांब तार’ असे लिहिलेले असते, तेव्हा कशाच्या तुलनेत लांब, हे विचारायची सवय लावून घ्यावी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. म्हणजे अँपिअरचा नियम (बंद वाटेवरच्या चुंबकीय क्षेत्राची बेरीज तिच्यातून जाणाऱ्या धारेवरून ठरते) विद्युतधारेच्या आखूड तुकड्याला लागू पडत नाही, त्याचेही कारण हेच का?

उत्तर १: नाही, येथे साम्य फसवे आहे. तुकड्याच्या मध्याभोवती वर्तुळ काढले, तर बायो-सावार नियमाने (धारेच्या प्रत्येक लहान भागाचे चुंबकीय क्षेत्र देणारा नियम) येणारे चुंबकीय क्षेत्र त्या वर्तुळावर सर्वत्र सारखे आणि स्पर्शिकेच्या दिशेनेच असते, म्हणजे सममिती पुरेशी आहे. तरीही अँपिअरच्या नियमाचे उत्तर चुकते. धारा टोकांशी थांबत असल्यामुळे तिथे प्रभार साचत जातो, त्याचे विद्युतक्षेत्र काळानुसार बदलते, आणि मॅक्सवेल यांनी जोडलेले विस्थापन धारेचे (बदलत्या विद्युतक्षेत्रामुळे धारेसारखे मोजले जाणारे) पद त्या वर्तुळातून उलट दिशेने मोजावे लागते. ते धरले की दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळतात.